वनकेतूला आवतन

१

द्वारकाबाई रोज सकाळी शेतात गेली की आधी वनकेतूला एक शिवी हासडायची आणि मगच कामाला लागायची. वनकेतू म्हणजे गावातला कोणी टगा नव्हे. तो कॉमिक्समधला वीर. जंगलात राहणारा, कमरेला वाघाचं कातडं गुंडाळणारा, आणि सध्या द्वारकाबाईच्या शेतात बुजगावणं म्हणून उभा असलेला. प्लायवूडचा, माणसापेक्षा वीतभर उंच, हिरव्या अंगाचा. एक हात कमरेवर, दुसरा पुढं काढलेला.

आता हा शेतात कसा आला? तर द्वारकाबाईचा नवरा संतराम पूर्वी डोंगरकडा गावच्या एसटी स्टँडवर कॉमिक्स भाड्यानं द्यायचा. दोरीवर पुस्तकं टांगलेली, खाली पोत्यावर पोरं पालथी पडलेली. त्या काळात कुठल्याशा छापखान्यानं वनकेतूची मालिका काढली होती. मोजके अंक आले आणि बंद पडली. आज ती कोणाला आठवतही नसेल. पण संतराम पडला हौशी माणूस. त्यानं हिंगोलीच्या एका पेंटरकडून मुखपृष्ठावरचा वनकेतू जसाच्या तसा प्लायवूडवर रंगवून घेतला, कापून घेतला आणि दुकानापुढं उभा केला. छातीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'ज्याला हात लावीन, त्याचं बळ माझं!' पुढं घरोघरी केबल आली, पोरं टीव्हीला चिकटली आणि दुकान मोडलं. कॉमिक्स ट्रंकेत गेली, वनकेतू गोठ्याच्या आढ्यावर गेला.

यंदा रानडुकरांनी मका लोळवला तेव्हा संतरामनं त्याला खाली काढलं आणि बांधावर रोवलं.

"बुजगावण्याला काहून एवढा नटवा लागतो?" द्वारकाबाई म्हणाली होती.

"अगं, डुकरांना तरी कुठं वीर पाहाया मिळतो? पाहू दे की."

आणि गंमत म्हणजे लागू पडलं. डुकरं यायची थांबली, रोही फिरकेनात. शेजारचा ग्यानबा रात्रभर फटाके वाजवून वाजवून टेकीला आला होता. तो मुद्दाम पाहून गेला. "संतराम, तुझा फळीवाला लई कडक हाय रं," म्हणाला. संतरामची छाती फुगली.

द्वारकाबाईला मात्र तो पुढं काढलेला हात खटकायचा. कोणाच्या तरी पाठीवर ठेवायला निघालेला पंजा. "मुडद्या, हात आवर," असं ती रोज म्हणायची. तिची शिवी ती हीच, मागंपुढं आणखी दोन शब्द लावून.

श्रावण अर्धा सरला असेल. एका सकाळी वनकेतूच्या पायाशी एक ससा बसलेला होता. ती जवळ गेली तरी हलला नाही. तिनं त्याचे कान धरून सहज उचलला. डोळे टकटक हलत होते, छाती धडधडत होती, पण मागचे पाय ओल्या फडक्यासारखे लोंबत होते. मोडलेले नव्हते, रक्त नव्हतं. तिनं त्याला तुरीच्या सावलीत ठेवलं. मग वनकेतूच्या पंज्याकडे तिचं लक्ष गेलं. तळव्यावर भुरे केस चिकटले होते.

पावसानं रंग ओला झाला असंल, वाऱ्यानं केस उडून चिकटले असतील, असं तिनं मनाला सांगितलं. घरी जाताना अर्ध्या वाटेत तिला आठवलं की तो रंग वाळून दहा वर्षं झाली होती.

२

सशानंतर एक वानर बसलं. चांगलं दांडगं, टोळीचा म्होरक्या वाटावा असं. लिंबाखाली बसून वर फांदीकडे पाहत होतं आणि चढत नव्हतं. द्वारकाबाईनं दगड उचलला तर त्यानं नुसती मान वळवली. ती नजर पाहून तिनं दगड खाली टाकला.

मग घरचं कुत्रं बसलं. भुऱ्या रोज तिच्यापुढं पळत शेतात जायचा, वनकेतूच्या पायावर तंगडी वर करायचा आणि ऐटीत परत यायचा. एके दिवशी तो मागं राहिला, उशिरानं खुरडत घरी आला आणि उंबऱ्यापाशी बसला तो बसलाच. समोरून मांजर गेली तरी उठेना.

त्या वर्षी गावात चिकुनगुन्याची साथ होती. घरटी एक तरी माणूस गुडघे धरून बसलेलं. धडधाकट गडी भिंत धरून परसाकडं जायचे. त्यामुळं बसलेल्या जनावरांचं कोणाला नवल वाटेना.

"माणसं बसली ती तापानं," द्वारकाबाई म्हणाली. "जनावरं काहून बसून राहिली?"

"डास काय जनावराला चावत न्हाईत?" संतराम म्हणाला.

"ते बी बराबर हाय," ती म्हणाली आणि तेवढ्याला धरून बसली. माणसाला काहीतरी धरायला लागतंच.

कोमलला मात्र साथीनं शिवलं नव्हतं. कोमल म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, सोळा वर्षांची, खो-खोत सगळ्या तालुक्यात गाजलेली. पोळा झाला की हिंगोलीला जिल्ह्याचे सामने होते आणि तिचं नाव संघात लागलं होतं. द्वारकाबाईला खो-खोतलं काही कळत नव्हतं, पण लेकीचं पळणं तिला कानानं ओळखू यायचं. आखूड आखूड, चटचट पावलं, आणि वळताना डाव्या टाचेचा एक दणका. चुलीपुढं बसल्या बसल्या ती सांगायची, आली माझी कोमल. उजव्या गुडघ्यावर तिच्या कोयरीएवढा व्रण होता, मैदानातल्या खांबावर आदळून झालेला. तो व्रण पाहून बाकीच्या बायका हळहळायच्या आणि द्वारकाबाई फुशारायची. स्वतः ती कधी पळाली नव्हती. तिचं लग्न कोमलच्या वयाच्या आधीच झालं होतं. त्या पोरीच्या पायांत तिचा जीव होता, हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, पण सगळ्या गावाला ठाऊक होतं.

३

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. बैलानं वर्षभर ज्या खांद्यावर जू वाहिलं तो खांदा हळद-लोण्यानं मळायचा आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायचं. द्वारकाबाईच्या गोठ्यात यंदा एकच बैल होता, सुभान्या. त्याचा जोडीदार हरण्या उन्हाळ्यात पान लागून, म्हणजे साप चावून, गेला. त्याचा खुंटा तसाच रिकामा होता आणि बैलाविना मुगाचं रान वखरायचं पडून होतं.

दिवेलागणीला द्वारकाबाई डाळ निवडून बाहेर आली तर रिकाम्या खुंट्याशी वनकेतू उभा. संतराम त्याच्यापुढं हळद-लोण्याची वाटी घेऊन, आणि कोमल खिदळत फळी सावरून उभी.

"अवं, हे काय करून राहिले तुमी?"

"जोडी लावून राहिलो. एकट्या बैलाची खांदेमळणी करायची व्हय? सुभान्याला काय वाटंल? अन् ह्यानं यंदा पीक राखलं. हा बी राबणाराच की आपला."

"फळीचा खांदा मळता? लोक दात काढतील."

"काढू दे. लोकांनी हसावं म्हणून तर मी दुकान टाकलं होतं."

या माणसापुढं तिनं आजवर कितीदा हात टेकले होते. तिलाही हसू आलंच. हसू आलं म्हणून ती गप्प राहिली, आणि हे तिला पुढं फार लागलं.

वारा होता, फळी डुगडुगत होती. कोमल वनकेतूच्या पुढ्यात, दोन्ही हातांनी त्याच्या कमरेला धरून उभी होती. तो पुढं काढलेला पंजा तिच्या पाठीला टेकला होता. संतरामनं पळसाच्या पानानं दोन्ही खांद्यांना हळद-लोणी चोळलं. लोणी बघता बघता आत मुरलं. लाकडात मुरतंच म्हणा.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाया या!" संतराम सुभान्याला म्हणाला. मग वनकेतूकडे वळून, वाकून, नाटकी आवाजात तेच म्हणाला.

सुभान्याच्या गळ्यातली घंटी थांबली. तो दावं ताणून, भिंतीला अंग घासत, जेवढं सरकता येईल तेवढं लांब सरकला.

"बाबा," कोमल म्हणाली, "ह्याचा हात गरम हाय."

"दिवसभर उन्हात उभा असतोय तो."

त्या दिवशी सकाळपासून झाकोळ होतं. ऊन पडलंच नव्हतं. पण द्वारकाबाईच्या हे ध्यानात आलं तोवर वनकेतूला पुन्हा उचलून संतराम शेताकडं निघाला होता.

४

पोळ्याच्या सकाळी कोमल उठली नाही. म्हणजे जागी झाली, अंथरुणावर बसली, आणि बसूनच राहिली.

"माय, पाय येईनात," ती म्हणाली. पाय दुखतात असं म्हणाली नाही. पाय येईनात म्हणाली.

डॉक्टर आले. साथ चालू होती, त्यांना जास्त विचार करायची गरज पडली नाही. "चिकुनगुन्या. पंधरा दिवस, महिना. आराम करू द्या."

"पण ताप न्हाई हो तिला. एक सांधा दुखत न्हाई."

"कधी कधी ताप नंतर येतो," म्हणत त्यांनी सुई टोचली आणि पुढल्या घरी गेले.

ताप आला नाही. द्वारकाबाईनं लेकीच्या पोटऱ्या तेल लावून चोळल्या. हातात त्या ओल्या फडक्यासारख्या लागल्या. ती उठली, ट्रंक ओढली आणि झुरळांनी कुरतडलेली कॉमिक्स उपसून त्यातून वनकेतूचे अंक काढले. तिला वाचायला वेळ लागायचा, पण चित्रं पाहायला काय लागतं?

प्रत्येक अंकात तेच. वनकेतू हरणाला हात लावतो आणि वाऱ्यासारखा पळतो. वाघाला हात लावतो आणि दुष्टांना फाडतो. पोरांनी वर्षानुवर्षं तो पळणारा, फाडणारा वनकेतू पाहिला होता. द्वारकाबाईनं त्याच्या मागं पाहिलं. चित्राच्या कोपऱ्यात, झुडपांत, बारीक बारीक काढलेलं. हरीण बसलेलं. वाघ बसलेला. पुढच्या पानावर तेच हरीण तिथंच बसलेलं, तोच वाघ तिथंच. शेवटच्या अंकाच्या शेवटच्या पानावर अख्खं जंगल बसलं होतं आणि एकटा वनकेतू उभा होता. हात पुढं, पुस्तकाच्या बाहेर.

"ह्यानं कधी कोणाचं परत केलंय का?" तिनं कोमलला विचारलं.

कोमलनं सगळे अंक पाठ केलेले. तिनं एकेक अंक आठवून पाहिला आणि नाही म्हणून मान हलवली.

द्वारकाबाई उठून अंगणात आली. संतराम सुभान्याची शिंगं रंगवत होता. "ते भूत जाळा," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

"कोण? वनकेतू? अगं, फळी ती. पोरगी बसली म्हणून तुझं डोकं फिरलंय."

"फिरलंय. जाळता का मी जाऊ?"

तिचा आवाज ऐकून संतराम रॉकेलची बाटली घेऊन गेला. परत आला तेव्हा बाटली भरलेली होती. तोंडावरचं हसू मात्र पार गेलं होतं.

"तिथं न्हाई ते," तो म्हणाला. "नुसता खड्डा हाय. कोणी तरी नेलं असंल चोरून. ग्यानबा कधीचा मागत होता." मग म्हणाला, "पण खड्ड्यापासून पावलं निघालीत. पळत गेल्यावाणी."

५

सूर्य टेकला तसे बैल वेशीकडं निघाले. संतराम जाईना. द्वारकाबाईनंच त्याला ढकललं. घरचा बैल तोरणाखालून गेला पाहिजे, गावाला सुतक दाखवायचं नाही. तो सुभान्याला घेऊन गेला. लांबून हलगी ऐकू येत होती. नेमके त्याच वेळी दिवे गेले. भारनियमन. द्वारकाबाईनं चिमणी लावली, पुरणाची पोळी तव्यावर टाकली.

अंगणात पावलं वाजली.

आखूड आखूड, चटचट. वळताना डाव्या टाचेचा दणका.

तिच्या जिवात जीव आला. उठली! माझी कोमल उठली! हातातलं उलथनं तसंच घेऊन ती हसत मागं वळली. कोमल भिंतीला टेकून बसली होती. तोंड राखेसारखं झालेलं.

"माय," ती हळू आवाजात म्हणाली, "ते माझं पळणं हाय."

पावलं फाटकापासून गोठ्यापर्यंत गेली. दणका. गोठ्यापासून फाटकापर्यंत आली. दणका. भुऱ्या उंबऱ्याशी पोट जमिनीला घासत कण्हू लागला. आपलेच कान फसवत असतील, तिनं स्वतःला बजावलं. गावातलं एखादं पोरगं असंल. पण गावातली सगळी पोरं वेशीवर होती, आणि ती टाच जगात एकाच पोरीची होती. तव्यावरची पोळी जळाली, तिचा वास सुटला.

मग तिच्या ध्यानात आलं की ते कुठं जात नव्हतं, कोणाला शोधत नव्हतं. नुसतं पळत होतं. वळत होतं, गिरकी घेत होतं. नवीन सायकल मिळालेल्या पोरासारखं ते खेळत होतं.

तिथं द्वारकाबाईची भीती संपली. म्हणजे गेली नव्हती, पण तिच्यावर असा संताप चढला की बाकी सगळं खाली दबलं. माझ्या लेकराचे पाय. नऊ महिने पोटात लाथा खाऊन मी वाढवलेले पाय. अन् हा मुडदा खेळतोय.

पावलं गोठ्यात, हरण्याच्या खुंट्यापाशी जाऊन थांबली. मग मोठा श्वास ऐकू येऊ लागला. आवतन दिलेला पाहुणा हाक मारत नाही, आपल्या जागेवर उभा राहून वाट पाहतो. तसा तो वाट पाहत होता.

द्वारकाबाईनं ताटात टोपल्यातली चांगली पोळी वाढली, वर तुपाची धार सोडली, ताटात चिमणी ठेवली आणि पदर खोचला.

"माय, जाऊ नको गं."

"पाहुणा आलाय बाई. वाढावं लागंल."

६

ओसरीच्या भिंतीला जू टेकवून ठेवलं होतं. पोळ्याला औत-जू धुऊन, कुंकू लावून असं भिंतीला लावतात. त्या दिवशी ते हलवायचं नाही. सासूनं तिला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, पोळ्याला जू हललं तर घराचं वाईट होतं. द्वारकाबाई त्या जुवापुढं क्षणभर उभी राहिली. खांदा कशासाठी मळतात? तिनं स्वतःलाच विचारलं. मग एका हातात ताट धरून दुसऱ्या हातानं तिनं ते जू उचललं आणि खांद्यावर घेतलं. घराचं आणखी काय वाईट व्हायचं राहिलं होतं?

गोठ्यात तिनं चिमणी वर केली नाही. तोंड तिला पाहायचंच नव्हतं. ताटातल्या उजेडात जमिनीजवळचं तेवढं दिसत होतं. दोन पाय. धुळीनं माखलेले, सडपातळ. उजव्या गुडघ्यावर कोयरीएवढा व्रण. त्या गुडघ्याच्या वर हिरवा रंग सुरू होत होता आणि कडेला प्लायवूडचे थर दिसत होते.

तिचे दात कडकड वाजले. तिनं ते घट्ट आवळले.

"आलास? बरं केलंस," ती म्हणाली. "बस म्हणणार न्हाई. बसवायचं काम तुझं. आवतन माझ्या धन्यानं दिलं, ते मला मान्य हाय. जेव."

तिनं ताट खाली ठेवलं आणि मान वळवली. चपचप आवाज झाला, ताट खरडल्याचा आवाज झाला. ती थांबून राहिली. उपाशी पाहुण्यावर हात टाकायचा नाही, एवढी रीत तिच्या अंगात होती.

"झालं? आता माझं ऐक. ह्या घरात पोळ्याला खुंट्याशी उभा राहून जेवतो तो बैल. तुला कोणी बळजबरी केली न्हाई. हळद-लोणी तूच पिलास. पोळी तूच खाल्लीस. खांदा मळून घेतलास, आता त्या खांद्यावर येतं ते बी घे."

अंधारातून काहीतरी पुढं आलं आणि तिच्या डाव्या खांद्यावर टेकलं. रुंद, कोमट. जणू कोणी मायेनं हात ठेवावा. त्याबरोबर तिच्या हातातलं बळ असं ओघळलं की जू एकदम दगडासारखं जड झालं. गुडघे वाकले. बसावं वाटलं. बसलं की सगळं सोपं होईल असं वाटलं.

"लाव हात!" ती ओरडली. "लाव! जन्मभर राबलेय मी, मला बसवून दाखव!"

ती पडत होती, पण मागं पडली नाही. पुढं पडली, जुवासकट, सगळ्या अंगाचा भार घालून. जू कशावर तरी आदळलं आणि बसलं. बैलाच्या मानेवर बसतं तसं, बराबर जागच्या जागी. तिनं चाचपडत जुवाची खुंटी, शिवळ, खुपसली, कासऱ्याचा फास टाकला आणि खुंट्याला गाठ मारली. ज्या गाठी ती रोज मारायची त्या मारायला डोळे लागत नाहीत. कासरा एकदम ताणला गेला. अख्खा गोठा हादरला, आढ्यावरून माती पडली.

"हो, हो! उभा ऱ्हा!" तिनं कासरा दोन्ही हातांनी धरला. "जू खांद्यावर आलं की धन्याचं ऐकायचं. पाय सोड. वखर वढायला खांदा लागतो, लेकराचे पाय लागत न्हाईत. सोड म्हणते ना!"

कासरा तिच्या तळहातांची सालटी काढत सरकला आणि थांबला. घरात काहीतरी धाडकन पडलं, कोमल किंचाळली. द्वारकाबाईनं कासरा सोडला नाही. डोळे मिटून, ओठ चावून ती धरून राहिली.

"माय!" दारातून हाक आली. "माय, कुठं हाईस?"

द्वारकाबाईनं मान वळवली. कोमल उंबऱ्यात उभी होती. उभी होती.

७

संतराम सुभान्याला घेऊन आला तेव्हा वनकेतू हरण्याच्या खुंट्याला बांधलेला होता, मानेवर जू घेऊन. गुडघ्याखाली प्लायवूड तुटलेलं होतं. संतरामला दातखिळी बसायची बाकी होती. मग तो रॉकेल शोधायला धावला.

"खबरदार," द्वारकाबाई म्हणाली. "जाळलं तर सुटंल."

तिनं दाभण आणून प्लायवूडच्या नाकात भोक पाडलं आणि वेसण ओवली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची कर झाल्यावर मुगाचं रान वखरून निघालं. ग्यानबानं विचारलं, एका बैलावर कसं काय केलं? "जोडी हाय आमची," द्वारकाबाई म्हणाली आणि विषय संपवला. कोमल हिंगोलीला गेली, खेळली, जिंकली, गुडघा पुन्हा फोडून आली. भुऱ्या मांजरामागं पळू लागला. लिंबाखालचं वानर एका सकाळी तिथं नव्हतं. द्वारकाबाईचा डावा हात मात्र पुढं कधी खांद्याच्या वर गेला नाही. कोणी विचारलं तर ती सांगते, चिकुनगुन्या झाला होता.

पुढल्या वर्षी खांदेमळणी आली. संतराम लांब ओसरीवरच उभा राहिला. द्वारकाबाईनं आधी सुभान्याचा खांदा मळला, त्याला आवतन दिलं. मग वाटी घेऊन दुसऱ्या खुंट्याकडं वळली. कोमल अजून मैदानावरून आली नव्हती. तिनं कासरा उजव्या मनगटाला गुंडाळला आणि डाव्या हातानं पळसाचं पान वर नेलं, जेवढं जाईल तेवढं. राबणाऱ्याला उपाशी ठेवायचं नाही, मग तो कोणी का असेना.

चोळता चोळता तिचा हात थबकला. रंगाखाली गुळगुळीत फळी लागायला हवी होती. तिथं जाड, राठ घट्टा होता. सुभान्याच्या खांद्यावर होता अगदी तसा, जू वाहून वाहून येतो तो. लाकडाला घट्टा येत नाही. तिनं बोट दाबलं तसा तो माशी बसल्यावर कातडी हलावी तसा थरथरला.

मागं अंगणात पावलं वाजली. आखूड आखूड, आणि वळताना डाव्या टाचेचा दणका. द्वारकाबाईनं झटकन मान वळवून पाहिलं. कोमलच होती, घामाघूम, हातात चपला.

द्वारकाबाईनं मनगटाला कासऱ्याचा आणखी एक वेढा दिला आणि घट्टा पुन्हा मळायला घेतला.

"आज आवतन घ्या," ती म्हणाली. "उद्या जेवाया या. अन् परवा कामाला."